काजवेलीची नोंद

जन्मनोंदणीच्या खिडकीत बसून मला एकोणीस वर्षं झाली. या एकोणीस वर्षांत माझ्या हातची एकही नोंद रद्द करावी लागली नाही, हे आमच्या कार्यालयात सगळ्यांना माहीत आहे, कारण मीच ते सगळ्यांना सांगत असतो. लोक मला खडूस म्हणतात. म्हणू देत. माझ्या खिडकीतून गेलेल्या कागदावर चुकलेली एक वेलांटी आधी दाखवा, मग बोला.

त्या दिवशी साडेचारला माझी धाकटी बहीण रांगेत दिसली. कडेवर पिल्लू, खांद्याला दुधाच्या बाटलीची पिशवी, दातांत धरलेला अर्ज. पिल्लू म्हणजे तिची मुलगी. उद्या ती वर्षाची होणार होती आणि अजून तिला नाव नव्हतं. आमच्याकडे बाळाच्या जन्माची नोंद लगेच होते, पण नावाचा रकाना वर्षभर मोकळा ठेवता येतो. वर्षाच्या आत नाव दिलं तर एक अर्ज, एक सही, काम संपलं. एक दिवस जरी उशीर झाला तरी प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदार, वरच्या कार्यालयाची परवानगी आणि चपला झिजेपर्यंत हेलपाटे. हे मी तिला महिन्यातून दोनदा सांगत होतो. ऐकतंय कोण?

वर्षभर नवरा-बायकोने केल्या त्या नुसत्या याद्या. माझे मेहुणे कॉम्प्युटरवरच्या खेळांसाठी राक्षस, पऱ्या आणि उडते किल्ले काढतात. त्यावर त्यांचं घर चालतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण म्हणून मुलीचं नावही त्या राक्षसांच्या गावातून आणायचं? फ्रिजवर कागद चिकटवलेला असायचा. धुकेश्वरी. पंखिनी. चांदणझेप. वनझुळूक. दर रविवारी मी जेवायला जायचो तेव्हा एक नाव खोडलेलं असायचं आणि दोन वाढलेली. एकदा मी त्याखाली लिहून आलो, ‘झुळकेला सर्दी झाली तर काय करणार?’ बहीण पोट धरून हसली. मी विनोद केलाच नव्हता.

मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं, कारण मी त्यातून गेलेलो आहे. आम्ही लहान असताना आई स्वतः रचलेली एक गोष्ट सांगायची. सूर्य न उगवणाऱ्या एका रानाची. त्या रानातल्या एका मुलाला पंख होते आणि तो पाठीवर डोंगर घेऊन उडायचा. त्याचं नाव पर्वतपंख. आईने माझं तेच नाव ठेवलं, लाडाचं नव्हे, दाखल्यावरचं. घरात ते राजाचं नाव होतं. शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी हजेरीला ते पुकारलं आणि अख्खा वर्ग वळून बघायला लागला. आठवड्याभरात त्याचा ‘पंखा’ झाला. मी वर्गात शिरलो की कुणीतरी भिंतीवरचं बटण दाबायचं आणि सगळे मिळून माना गरागरा फिरवायचे. गणितात नापास झालो तेव्हा मास्तर म्हणाले, ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.’ वर्ग आठवडाभर हसत होता.

अशी बारा वर्षं काढली. अठरावं लागलं त्याच आठवड्यात मी एकट्याने कागदपत्रं केली आणि नाव बदलून घेतलं. रस्त्यात कुणी हाक मारली तर चार जण मागे वळतील, इतकं साधं. आईने कागद वाचला, घडी घातली आणि परत दिला. त्यानंतर ती जाईपर्यंत तिने मला जुन्या नावाने हाक मारली नाही आणि नव्यानेही नाही. ‘अरे’वर भागवलं.

तर बहीण खिडकीशी आली.

‘आले बाबा एकदाची,’ ती म्हणाली. ‘आता ओरडू नकोस. अर्धा तास बाकी आहे अजून.’

नात्यातल्या माणसाचा अर्ज आपल्या खिडकीत घ्यायचा नाही, असा नियम आहे. तो शेजारच्या खिडकीकडे द्यायचा. शेजारची खिडकी दाढ काढायला गेली होती. मग मोठ्या बाईंकडे पाठवायचा. मोठ्या बाई म्हणजे आमच्या विभागप्रमुख, काचेच्या केबिनमध्ये बसतात, माझ्यापासून दहा पावलांवर. मी पाठवला नाही. घेतला.

नावाच्या रकान्यात तिने ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: काजवेली.

फ्रिजवरच्या यादीत हे नाव कधीच नव्हतं. काजवेली कोण, हे आता जगात फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं. आईच्या गोष्टीतली ती पर्वतपंखाची धाकटी बहीण. केसांत काजवे माळून ती त्याच्या पुढे चालायची, म्हणजे अंधारात त्याचे पंख झाडांवर आपटू नयेत.

‘वाचलंस?’ तिने विचारलं.

‘वाचलं.’

‘मग?’

‘मागे रांग आहे,’ मी म्हणालो.

माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. माझं एकट्याचं वाटोळं झालं ते पुरेसं नव्हतं का? तीन वर्षांनी ही पोर शाळेत जाईल. काजळी, काजू, खाजवेली. पोरांचं काम मी दोन मिनिटांत उरकून ठेवलं. मला ती वर्गाच्या दारात उभी दिसायला लागली, पाठीवर दप्तर, आणि चाळीस तोंडं तिच्याकडे वळलेली.

आमची पद्धत अशी आहे. अर्जावरचं नाव मी टाइप करतो, मग कच्ची चिठ्ठी निघते. अर्जदाराने ती वाचायची आणि खाली ‘वाचले, बरोबर आहे’ असं लिहून सही करायची. ही चिठ्ठी लोक परीक्षेचा निकाल लागल्यासारखी वाचतात. बाप वाचतो, मग आईकडे देतो, आई चष्मा लावून आजीकडे देते. एकदा एका गृहस्थाने ती फोनवरून गावाला वाचून दाखवली होती.

मी टाइप केलं. काजवेली नाही. दोन अक्षरांचं, गोड, कुठल्याही वर्गात तीन तरी सापडतील असं एक नाव टाइप केलं आणि चिठ्ठी खिडकीतून पुढे सरकवली. मी स्वतःला सांगितलं, ती वाचेल, भडकेल, मग मी तिला समजावून सांगेन. पण हे खरं नाही. ती वाचणार नाही हे मला पक्कं माहीत होतं.

पिल्लू तिचा कान ओढत होतं. तिने चिठ्ठीकडे बघितलंसुद्धा नाही.

‘तू केलंयस ना? मग काय वाचायचं त्यात,’ म्हणाली, आणि ‘वाचले, बरोबर आहे’ लिहून सही ठोकली. परकं माणूस असं कधीच करत नाही. हे फक्त घरचं माणूस करतं.

‘पाचनंतर दाखला मिळेल. बाकावर बस,’ मी म्हणालो. आवाज माझा नेहमीचाच निघाला.

चार वाजून एक्केचाळीस मिनिटं झाली होती. दिवसभराच्या नोंदी मोठ्या बाई पाचच्या ठोक्याला बंद करतात. यंत्रावर अंगठा टेकला की नोंद कायमची. तोपर्यंत ती रद्द होऊ शकते, पण त्यांच्या परवानगीने, कारण लिहून आणि चुकलेली चिठ्ठी अर्जदाराला वाचायला देऊन. पाचनंतर बहिणीला कळलं असतं तेव्हा वर्ष संपलेलं असतं. ती चिडली असती, रडली असती, सहा महिने माझं तोंड बघितलं नसतं. चालेल. पोर तरी सुखाने शाळेत जाईल. असा माझा बेत होता, आणि मला तो त्या क्षणी अगदी शहाणपणाचा वाटत होता.

पुढच्या माणसाचा अर्ज घेतला. जुळी होती. मी टाइप करत होतो आणि कान बाकाकडे लागले होते.

‘काजवेली,’ बहीण पिल्लाला हळूच म्हणत होती. ‘काजू नाही, काजवेली. तू कोण? काजवेली.’

बाकावर शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी विचारलं, ‘काय नाव ठेवलं म्हणालात?’

‘काजवेली.’

‘कधी ऐकलं नाही बुवा.’

‘कुणीच ऐकलेलं नाही,’ ती म्हणाली, आणि हे तिने इतकं छाती फुगवून सांगितलं की मी जुळ्यांपैकी एकाचं आडनाव दोनदा टाइप केलं. रांगेतली एक बाई फिस्सकन हसली. ‘हौस दांडगी आहे हो,’ असं दुसरीला म्हणाली. बहिणीने ते ऐकलं. तिला काही वाटलं नाही. मला मात्र कानशिलात बसल्यासारखं झालं.

चोराच्या मनात चांदणं. तिने खिडकीकडे मान वळवली की मला वाटायचं, कळलं हिला. ती फक्त घड्याळ बघत होती. भिंतीवरचं घड्याळ माझ्या डोक्यावर आहे, मला ते दिसत नाही, पण मी मनगटावरचं किती वेळा बघितलं याला गणती नाही. चार सेहेचाळीस. चार सत्तेचाळीस.

चार एकोणपन्नासला ती रांग मोडून खिडकीशी आली. रांगेतले लोक पुटपुटले.

‘एकच मिनिट,’ ती त्यांना म्हणाली. मग माझ्याकडे वाकली. ‘दादा, एक सांगू? मला वाटलं होतं तू नाव बघून फाडून खाशील मला. म्हणून वर्षभर ते यादीत लिहिलंच नाही. ह्यांनासुद्धा परवा सांगितलं.’

‘आईच्या गोष्टीतलं आहे,’ मी म्हणालो. काहीतरी बोलायचं म्हणून.

‘गोष्टीतलं नाही. माझं आहे.’

‘तुझं?’

‘मी जन्मले तेव्हा आईने हेच ठरवलं होतं. तुला नाही माहीत? बाबांनी होऊ दिलं नाही. म्हणाले, एका पोराचा तमाशा झाला तेवढा पुरे. तू तेव्हा पहिलीत होतास, शाळेतून मुका होऊन घरी यायचास म्हणे. तुझ्या कृपेने मला हे वरणभाताचं नाव मिळालं.’ ती हसत होती, पण डोळे हसत नव्हते. ‘मी न्हाणीघरात दार लावून स्वतःला हाक मारायचे. काजवेली, पाणी तापलं का? काजवेली, टॉवेल घे. आणि तू! तुला आयतं मिळालं होतं, ते तू ऑफिसात जाऊन टाकून आलास. बारा वर्षांची होते मी. इतका राग आला होता ना तुझा.’

‘पोरं चिडवतील तिला,’ मी म्हणालो.

‘चिडवू देत की. मी आहे, तिचा बाप आहे, तू आहेस. तू घरी कधी बोललाच नाहीस, दादा. तिला मी बोलायला शिकवीन.’

रांगेतून कुणीतरी खाकरलं. ती बाकाकडे परत गेली, आणि मी समोरच्या पडद्याकडे बघत बसलो. जसं नाव मला बारा वर्षं टोचलं, तशाच नावासाठी ही न्हाणीघरात झुरत होती. आणि आज मी तिच्या हातून ते दुसऱ्यांदा काढून घेतलं होतं. पहिल्यांदा माझ्या मुकेपणामुळे, आता माझ्या शहाणपणामुळे. लाज म्हणजे काय ते मला त्या खुर्चीत कळलं.

चार बावन्न. रांगेत दोघं उरले होते. मी खिडकीवर ‘थांबा’ची पाटी उभी केली आणि केबिनकडे गेलो.

‘एक नोंद रद्द करायची आहे,’ मी म्हणालो.

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं. ‘कुणाच्या हातची?’

‘माझ्या.’

‘तब्येत बरी आहे ना तुमची?’

‘अर्ज माझ्या बहिणीचा आहे.’

‘बहिणीचा अर्ज तुम्ही घेतलात?’ त्यांचा आवाज बदलला. ‘अहो, तुम्ही? दुसऱ्या कुणी घेतला असता तर तुम्हीच मला येऊन सांगितलं असतंत.’ खरं होतं ते. मी मान खाली घातली. त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि पडद्यावर रद्द करायचं पान उघडलं. ‘कारण? तीनच आहेत. टंकनदोष, दुबार नोंद, अर्जदाराची विनंती. टंकनदोष टाकते. बोलवा त्यांना पटकन.’

बहीण पिल्लाला सावरत आत आली. मोठ्या बाईंनी जुनी चिठ्ठी तिच्यापुढे ठेवली. तिने पहिल्यांदा ती वाचली. मग उलटी करून मागे बघितलं, मग पुन्हा वाचली.

‘हे आमचं नाही,’ ती म्हणाली. ‘दादा, चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली का रे?’

‘टंकनदोष आहे,’ मोठ्या बाई म्हणाल्या. ‘होतं असं कधी कधी. इथे सही करा, लगेच नवीन नोंद करते.’

बहिणीने सुस्कारा सोडला. ‘घाबरवलंत हो! दोन मिनिटं माझं काळीज थाऱ्यावर नव्हतं.’ तिने पेन उचललंसुद्धा. माझ्याकडे बघून म्हणाली, ‘चुकून झालं ना? असू दे. एकोणीस वर्षांत एकदा.’

मी नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. खोटं बोलावंही लागलं नसतं. टंकनदोष हे कारण पडद्यावर लिहिलेलं होतं, मोठ्या बाई साक्षीला होत्या, नाव दोन मिनिटांत बरोबर होणार होतं. कुणाचंच काही बिघडत नव्हतं. तिने मला माफ करून टाकलं होतं आणि पुढचीही चिठ्ठी ती न वाचता सही करणार होती, हे मला तिच्या हातातल्या पेनावरून दिसत होतं.

‘चुकून नाही,’ मी म्हणालो. ‘मुद्दाम केलं.’

पेन थांबलं.

‘काय?’

‘ते नाव मला नको होतं. माझं झालं तसं तिचं होईल म्हणून. मी दुसरं घातलं. तू वाचणार नाहीस हे मला माहीत होतं.’

मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पिल्लू पेन पकडायला हात पुढे करत होतं, आणि बहीण ते त्याच्या हाताला लागू देत नव्हती, न बघता, सवयीने.

‘मी वाचलं नाही,’ ती सावकाश म्हणाली, ‘कारण तू होतास.’

‘हो.’

‘आणि मघाशी मी खिडकीत येऊन तुला सगळं सांगितलं तेव्हा झालेलं होतं हे?’

‘झालेलं होतं.’

ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने रद्दच्या जागी सही केली आणि चिठ्ठी मोठ्या बाईंकडे सरकवली. मोठ्या बाईंनी चष्मा परत लावला.

‘तुम्ही सांगता ते कारण माझ्या यादीत नाही,’ त्या मला म्हणाल्या. ‘चार सत्तावन्न झालेत. मी टंकनदोष टाकते आहे. तुमच्याशी उद्या सकाळी दार लावून बोलेन. आता बाजूला उभे राहा.’

नवीन नोंद त्यांनी स्वतः केली, एका बोटाने. एवढ्या वर्षांत त्यांनी कधी कळफलकाला हात लावलेला नव्हता. का शोधायला वेळ लागला, वे शोधायला त्याहून जास्त. बाहेर शिपायाने दाराची एक फळी ओढल्याचा आवाज आला. माझे हात आपोआप पुढे गेले, आणि मी ते मागे घेऊन पाठीशी धरले.

चिठ्ठी निघाली. बहिणीने पिल्लाला टेबलावर बसवलं, एका हाताने धरलं, आणि दुसऱ्या हाताचं बोट अक्षराखाली ठेवत वाचायला लागली. का. ज. वे. ली. मग आईचं नाव, बापाचं नाव, तारीख, वार. सगळं संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून. मोठ्या बाईंचा अंगठा यंत्रावर तरंगत होता, पण त्या तिला घाई करा म्हणाल्या नाहीत. तिने सही केली. अंगठा टेकला. पाचला काही सेकंद कमी होते, का होऊन गेले होते, मला माहीत नाही. यंत्राने नोंद घेतली.

पाचनंतर दाखले छापून येतात. खिडकीवरच्या माणसाने एकेक बाळाचं नाव पुकारायचं आणि ज्याचं त्याच्या हातात द्यायचं. त्या दिवशी सतरा होते. सोळा मी नेहमीसारखे पुकारले. सतरावा हातात घेतला आणि माझा आवाज खाली आला.

‘काजवेली,’ मी म्हणालो.

बाकावर दहा-बारा माणसं होती. बहीण उठली नाही.

‘ऐकू आलं नाही,’ ती जागेवरूनच म्हणाली.

‘काजवेली.’

मघाचीच बाई पुन्हा हसली. दोघा-तिघांनी माना वळवल्या. माझे कान तापले, हजेरीला तापायचे तसेच, आणि चाळिशी ओलांडलेला मी बाकाखाली लपावंसं वाटणारा पोरगा झालो. बहीण माझ्याकडे बघत होती. हात जोडून उभा राहिलो असतो तरी तिने सोडलं नसतं, आणि बरोबरच होतं तिचं.

मी उभा राहिलो. ‘काजवेली!’ असं पुकारलं की जिन्यापर्यंत ऐकू गेलं असेल. पिल्लू माझा आवाज ओळखून खिदळलं. नाव त्याला अजून कुठे ठाऊक होतं.

बहीण आली. दाखला घेतला, दिव्याकडे धरून वाचला, घडी न घालता पिशवीत सरळ ठेवला.

‘रविवारी...’ मी सुरुवात केली.

आमच्या घरात निघताना कुणी कधी ‘जाते’ म्हणत नाही. ‘येते’ म्हणायचं, आणि मागे राहणाऱ्याने ‘ये’ म्हणायचं. आई दुधाला चौकात निघाली तरी म्हणायची. बहीण तर बोलायला लागली तेव्हापासून म्हणत आली आहे.

तिने पिल्लाला कडेवर नीट घेतलं.

‘जाते,’ ती म्हणाली.

‘ये,’ मी म्हणालो. तोवर ती जिन्याच्या वळणापर्यंत पोचली होती.